आधी जुन्यांची मोजदाद

टाकी ओकीबोकी दिसायला लागली की माणसाचे पाय आपोआप माशांच्या दुकानाकडे वळतात. तू तसं करू नकोस. फोनवर म्हणालास, तीन फुटी टाकीत चारच निऑन टेट्रा उरलेत, तळाला दोन कोरिडोरस, आणि येत्या रविवारी ‘एकदम भरून टाकतो’. भर रे, पण त्याआधी संध्याकाळी खायला घालायच्या वेळी टाकीसमोर खुर्ची ओढून बस आणि त्या चौघांकडे नीट बघ. टाकी त्यांची आहे. जे येतील ते त्यांच्या घरात येणार आहेत.

तुझे आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, गिरगावातल्या चाळीत लोखंडी अँगलच्या, पुट्टी लावलेल्या टाकीत मासे पाळायचे. काचेला काच सिलिकॉनने चिकटवायची सोय घरोघरी पोचायच्या आधीची ही गोष्ट. नवा मासा आणायचा म्हटलं की ते आधी जुन्यांची मोजदाद करत आणि वहीत प्रत्येकापुढे शेरा लिहीत: हा खातो, हा मागे राहतो, याचा डोळा गेला. आम्हाला हसू यायचं. पुढे तीच वही मी चालू ठेवली.

तर शेरे कसे लिहायचे ते सांगते. निऑन म्हणजे दोन वर्षांचा मासा, असं दुकानात सांगतात, कारण दोन वर्षांनी तू परत यावास अशी त्यांची इच्छा असते. चांगल्या पाण्यात निऑन ५ वर्षं काढतो, काही ८-१० वर्षांपर्यंतही जातात. कोरिडोरस १० वर्षांच्या पलीकडे जाऊ शकतात, आणि क्लाऊन लोच तर २० च्याही पुढे. म्हणजे तुझे उरलेले चार हे मरायला टेकलेले आहेत असं धरून चालू नको. म्हातारा निऑन ओळखायचा तो असा: तांबडा पट्टा फिकटलेला, पाठीला किंचित पोक, पोटाकडून बारीक, कधी डोळ्यावर दुधी पडदा, पण खाणं पडलं की सावकाश का होईना, येतो. हे वय झालं. त्याला औषध लागत नाही, शांतता लागते.

आजार वेगळा दिसतो. निळी रेघ मधेच तुटल्यासारखी, अंगात आतून पांढुरका डाग आल्यासारखा, मासा बाकीच्यांपासून सुटून एकटाच अस्वस्थ फिरतोय, तर तो ‘निऑन टेट्रा डिसीज’ असू शकतो. स्नायूंत घर करणारा सूक्ष्म परजीवी आहे तो, आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. मेलेल्या सोबत्याला बाकीचे कुरतडतात तेव्हा तो पसरतो. दुसरा वैरी म्हणजे माशांचा टीबी: पाठ वाकते, अंग खंगतं, कधी जखमा दिसतात आणि महिन्या-दीड महिन्याला एकेक जातो. त्या जातीचे जंतू माणसाच्या हातावरच्या चिरेतूनही शिरतात आणि त्वचेवर गाठी उठतात. म्हणून हाताला कापलं असेल तर टाकीत हात घालायचा नाही, आणि सायफनची नळी तोंडाने ओढायची तर कधीच नाही. अण्णा ओढायचे, ते सोड.

एक बारीक गोष्ट. निऑन रात्री रंग उतरवतो. पहाटे दिवा लावून बघशील तर चौघेही आजारी वाटतील. दिवा लागून अर्धा तास झाला की मगच शेरा लिही.

आता तुला विचारते, बाकीचे गेले कसे? दोन-तीन वर्षांत एकेक करून गेले असतील तर ते वयाने गेले. गेल्या तीन-चार महिन्यांत रांग लागली असेल तर नवे मासे आणणं म्हणजे त्या रांगेत भर घालणं. तसं असेल तर शेवटचा मृत्यू झाल्यावर दोन-तीन महिने काहीही आणू नको. मोकळी टाकी बघवत नसेल तर झाडं लाव.

समजा वयानेच गेले. मग कोणते आणायचे, तर तेच. निऑन असतील तर निऑनच. लोकांना इथे मोह होतो. दुकानात एवढे रंग असताना पुन्हा तेच काय घ्यायचं! पण चार निऑनचा घोळका होत नाही. सहाच्या खाली हा मासा बावरलेला असतो, झाडांमागे दडतो, रंग धरत नाही, आणि म्हातारपणात हा ताण त्याला आजारापेक्षा लवकर नेतो. तुझ्या शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीत बारा-पंधरा निऑन सुखाने राहतील. म्हणजे तुला आठ ते दहा नवे निऑन हवेत, आणि आपापला घोळका मागणाऱ्या तीन निरनिराळ्या जातींचे तीन-तीन मासे नकोत.

सोबत म्हणून कोणताही मासा चालतो असं समजू नको. झेब्रा डॅनिओ माहीत आहे ना, निळ्या पट्ट्यांचा, सारखा पळणारा? आपल्याकडच्या गंगेच्या खोऱ्यातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याची नोंद केली आणि आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलाय. त्याच्यावरच्या प्रयोगांत दिसलं की पिल्लू ज्या रंगरूपाच्या सोबतीत वाढतं, मोठेपणी तशाच माशांच्या घोळक्याकडे वळतं. म्हाताऱ्या निऑनच्या समोर दहा रमी नोज टेट्रा सोडलेस तर टाकी भरल्यासारखी तुला वाटेल, त्याला वाटणार नाही.

कार्डिनल टेट्राचं तू विचारशीलच. पोटाखालचा तांबडा पट्टा पुरा डोक्यापासून शेपटीपर्यंत, दिसायला निऑनपेक्षा देखणा. दोघे एकमेकांत मिसळून पोहतातही. पण कार्डिनलला २५ ते २८ अंशांचं पाणी मानवतं आणि निऑनला २२ ते २५. नागपुरात मे महिन्यात निऑन ठेवणारा माणूस आणि मासा दोघेही धापा टाकतात. तिथे मी कार्डिनलच सांगितले असते. पुण्यात तुझे जुने निऑन टिकलेत, तर त्यांच्याच जातीवर राहा.

आणखी एक वाट असते: चौघांना घोळका असलेल्या दुसऱ्या कुणाकडे देऊन टाकायचं. माझ्याकडे निऑन आहेत, मी घेतलेही असते. पण म्हाताऱ्या माशाला पिशवीत घालून मुंबईपर्यंत आणणं मला पटत नाही. तरण्यांनी प्रवास करावा. दोनच उरले असते आणि दोघांनी खाणं सोडलं असतं, तर मी म्हटलं असतं की भरू नको, त्यांचे दिवस शांतपणे जाऊ दे. चार खाते मासे असतील तर भर घालणं त्यांच्या हिताचं आहे.

टायगर बार्बवाल्यांना हे जास्तच लागू. तो मासा घोळक्यात आपापसांत भांडून घेतो. दोन-तीनच उरले की सगळा राग एकावर निघतो, त्याची शेपटी कुरतडली जाते. तिथे संख्या आठ-दहावर नेली की मार वाटला जातो आणि कुणा एकाचा जीव जात नाही.

आता पाण्याकडे ये, कारण नवे मासे मरतात ते बहुतेक इथे, आणि दोष दुकानाला जातो.

जुन्या टाकीचं पाणी दिसायला स्वच्छ असतं आणि आतून पार बदललेलं असतं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया येतो, फिल्टरमधले जंतू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि पाण्यातला कार्बोनेटचा साठा खर्च होत जातो. पाणी बदलण्यात आळस झाला की नायट्रेट साठतं, कार्बोनेट संपतं आणि पीएच घसरत जातो. जुने मासे या उतरणीवरून रोज एकेक पायरी उतरलेले असतात, त्यांना कळतही नाही. नव्याला मात्र आपण गच्चीवरून थेट तळघरात टाकतो. तो दोन दिवसांत जातो. मग आपण म्हणतो, माझे जुने तर ठणठणीत आहेत, म्हणजे पाणी उत्तमच आहे.

याहून वाईट पुढे घडतं. घाबरून माणूस एका दुपारी ऐंशी टक्के पाणी बदलून टाकतो. पीएच ६ च्या खाली गेला की ते जंतू मंदावतात आणि अमोनिया साठत राहतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी अमोनियम या रूपात असतो, फारसा बाधत नाही. नळाचं ताजं पाणी पडलं की पीएच वर उसळतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. म्हणजे नव्यांची सोय करायला गेलेल्या माणसाच्या हातून जुने जातात, तेही संध्याकाळच्या आत.

म्हणून दुकानाच्या आधी एक महिना पाण्याला दे. तुमच्या आरओच्या माणसाकडे टीडीएस मोजायचं पेन असतं, ते माग. नळाचं पाणी मोज, टाकीतलं मोज. टाकीतला आकडा नळाच्या दुप्पट निघाला तर पाणी शिळं झालंय असं समज. अमोनिया, नायट्रेट आणि पीएच तपासायचे थेंबांचे किट मिळतात, एक घेऊन ठेव. मग दर तिसऱ्या दिवशी १० टक्के पाणी काढ आणि तेवढंच घाल, दोन आकडे जवळ येईपर्यंत. पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेव किंवा क्लोरीन मारणारा हायपो टाक; पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा हायपो विसरू नको. तळाची खडी सायफनने एकदम सगळी उपसू नको, दर खेपेला एक कोपरा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या टाकीच्या पाण्यात पिळायचा, आणि ज्या दिवशी खडी साफ केलीस त्या दिवशी स्पंजला हात लावायचा नाही.

मुंबईचं तलावाचं पाणी मृदू, त्यात कार्बोनेट मुळातच कमी, त्यामुळे पीएच लवकर ढासळतो. मी फिल्टरमध्ये कोरलच्या चुऱ्याची मूठभर पुरचुंडी ठेवते. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो ना? ते बोअरचं असलं तर जड असतं, तिथे पुरचुंडी नको. उलट नळाचं आणि टँकरचं पाणी आलटून पालटून येतं, त्याचाच माशांना त्रास होतो. टँकर आल्याच्या दिवशी पाणी बदलू नको.

महिना गेला की दुकानात जा. मुंबईला येऊन कुर्ल्याला जा, क्रॉफर्ड मार्केटला जा, नाहीतर तुझ्या कोपऱ्यावरच्या दुकानात जा. दुकानाच्या पाटीपेक्षा काचेच्या आत बघ. ज्या टाकीत एकही मेलेला किंवा चिमटलेल्या परांचा मासा आहे, त्या टाकीतला मासा घ्यायचा नाही, फुकट दिला तरी. ‘माल कधी आला?’ असं विचार. परवा आला असेल तर आठवड्याने ये. आपल्याकडचे बहुतेक निऑन पैदास केंद्रांतून येतात, लांबचा प्रवास करून, आणि त्या प्रवासाचे परिणाम पहिल्या आठवड्यातच दिसतात. ते दुकानदाराच्या टाकीत दिसू देत. आपल्यासमोर खायला घालायला सांग. जे झडप घालतील तेच घे. सगळे एकाच टाकीतले, एकाच दिवशी, आणि मिळतील तितके मोठे. दीड सेंटिमीटरची पिल्लं स्वस्त असतात पण जुन्यांच्या मानाने फार लहान. खायच्या गर्दीत एकतर ती उपाशी राहतात किंवा म्हातारे.

तिथे ‘मिस केरला’ दिसेल, तांबडी-काळी रेघ असलेली. सुंदर मासा आहे, आपल्याच सह्याद्रीतला, केरळ-कर्नाटकातल्या ओढ्यांमधला. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला नावसुद्धा ‘सह्याद्रिया’ दिलं. नदीत तो धोक्यात आलाय आणि १० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, घोळक्याने पळायला लांब टाकी मागतो. तुझ्या टाकीत नको. एंजल फिश नाण्याएवढी असताना गोंडस दिसते आणि मोठी झाली की रात्रीत निऑन गिळते. ‘काच साफ करतो’ म्हणून सकर गळ्यात मारतील. तो फूटभर होतो. नंतर नको झाला म्हणून तलावात सोडणारी मंडळी मला माहीत आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

नवे मासे थेट टाकीत सोडायचे नाहीत. हा नियम मोडणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडलंय, पण तू घरचा आहेस. तीस लिटरचा साधा प्लॅस्टिकचा टब घे, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घे, आणि तो स्पंज आजच तुझ्या टाकीत नेऊन ठेव. महिनाभरात त्याच्यावर जंतूंची वस्ती होते आणि टबाला पहिल्या दिवसापासून तयार फिल्टर मिळतो. मासे आणले की पिशवी पंधरा-वीस मिनिटं टबात तरंगू दे, आणि एकदा उघडली की रेंगाळू नको. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने पीएच खाली आलेला असतो; उघडल्यावर तो चढतो आणि पिशवीतल्या अमोनियाचं तेच होतं जे मघाशी सांगितलं. थोडं थोडं टबाचं पाणी घाल, जाळीने मासे उचल, पिशवीतलं पाणी मोरीत ओत. टबात नाही, टाकीत तर नाहीच.

चार आठवडे टबात. लोक आठ दिवसांत कंटाळतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घे: ठिपका दिसतो तेव्हा परजीवी कातडीच्या आत असतो, औषध त्याला लागत नाही. तो सुटून तळाला जातो, तिथे त्याचे शेकडो होतात आणि पोहत मासा शोधतात. औषध काम करतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवरच. २५-२६ अंशांना हे चक्र साधारण आठवड्याचं. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी औषध थांबवायचं नाही, आणि एकही ठिपका न दिसता दोन-तीन चक्रं गेली की मगच विश्वास ठेवायचा. तोंडाभोवती कापसासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशी समजून पाणी तापवू नको. बहुधा तो जंतूंचा रोग असतो आणि उबेत झपाट्याने वाढतो. शेपटीखाली तांबड्या दोऱ्याची टोकं लोंबताना दिसली तर ते जंत. दुकानदार सगळ्याला ‘मूठभर मीठ टाका’ म्हणतील. मीठ औषध आहे, मोजून टाकायचं, लिटरला १ ग्रॅमपासून, आणि फक्त टबात. तुझ्या कोरिडोरसला जास्त मीठ सोसत नाही. टबाची जाळी आणि बादली वेगळी, तिच्यावर मार्करने खूण कर.

काही जाणते लोक शेवटच्या आठवड्यात एक जुना मासा टबात सोडून बघतात. तो आजारी पडला तर नव्यांकडे लपलेलं काही आहे हे कळतं. पद्धत चुकीची नाही, पण तुझ्याकडे चारच आहेत. मी नाही करणार.

या चार आठवड्यांचा आणखी एक फायदा होतो. गप्पी माशांवर अ‍ॅन मॅगुरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलंय, त्यात दिसलं की सोबतचे मासे ओळखीचे व्हायला त्यांना साधारण १२ दिवस लागतात. निऑनचंही काहीसं तसंच असावं असा माझा अंदाज. टबातून निघालेले दहाजण एकमेकांना धरून पोहतात आणि जुने चौघे त्यांच्यात शिरतात. दोन-दोन करून सोडलेले मासे मात्र कोपरे धरून बसतात.

सोडायची वेळ संध्याकाळ. जुन्यांना आधी पोटभर घाल, दिवा बंद कर, मग नव्यांना सोड आणि उठून जा. बार्ब असते तर मी म्हटलं असतं, दगड-लाकडं हलव, म्हणजे कुणाची हद्द उरत नाही. इथे काहीही हलवू नको. दुधी डोळ्याचा मासा टाकी पाठ करून पोहतो. त्याचं झाड उचललंस तर तो काचेवर आपटत राहील.

नंतरचे पंधरा दिवस खाण्याकडे लक्ष. मासे तिप्पट झाले म्हणून खाणं लगेच तिप्पट करू नको, फिल्टरचे जंतू वाढायला वेळ घेतात. आधी निम्म्यावर ठेव आणि अमोनिया तपासत हळूहळू वाढव. खाणं दोन टोकांना टाक. तरणे एका टोकाला गर्दी करतील तेवढ्यात म्हातारे जिथे थांबतात तिथे बोटाने बारीक कुसकरलेलं, भिजवलेलं खाणं सोड, म्हणजे ते सावकाश खाली उतरतं आणि त्यांना पाठलाग करावा लागत नाही. दिवा मंद असताना दिलेलं त्यांना जास्त मिळतं.

कधीतरी त्यातला एखादा उलटा पडेल, खाणं सोडेल, बाकीचे टोचू लागतील. त्याला तसा ठेवू नको आणि संडासातही टाकू नको. लवंगाचं तेल थोड्या कोमट पाण्यात बाटलीत जोरात हलवून, छोट्या भांड्यात आधी थोडं घालायचं, मासा झोपला की मग लिटरला ०.४ मिलिलिटरपर्यंत न्यायचं, आणि कल्ले थांबल्यावरही अर्धा तास हात लावायचा नाही. टाकीत मेलेला दिसला तर त्याच मिनिटाला काढ.

यापुढे घोळका एकाच वयाचा होऊ देऊ नको. दीड-दोन वर्षांनी चार-पाच नवे, प्रत्येक वेळी टबातून, म्हणजे पुन्हा ‘चारच उरले’ असा फोन करावा लागणार नाही. आणलेली तारीख टाकीच्या मागच्या काचेवर लिहीत जा. आणि त्या दोन कोरिडोरसलाही घोळका लागतो, पण निऑन स्थिरावल्यावर, पुढच्या खेपेला. ठिपक्यांचे आहेत की सोनेरी, ते फोटो पाठव, मग सांगते.